गाडीला औषध किती दिवसांनी?

सन एकोणीसशे शहाण्णव, मार्चचा पहिला आठवडा. थंडी ओसरलेली, युगादीच्या पाडव्याला पंधरा दिवस राहिलेले आणि बंगळुरात जयनगरच्या रस्त्यांवर गुलाबी फुलांचा सडा पडू लागलेला. काळ इतक्या नेमकेपणाने सांगते, कारण मी धारवाडची जुनी मॅट्रिक आहे. महिना आणि ऋतू सांगितल्यावाचून हकीकत सुरू केली, तर आमच्या हेडबाई मधेच थांबवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत. ती सवय अजून गेलेली नाही.

किस्से कसे साठतात, हे मला पुष्कळ वर्षे कळले नव्हते. जुन्या साड्या साठल्या तर दारावर येणारी बोहारीण त्यांच्या बदल्यात पातेले देते. किस्से ती घेत नाही. त्यामुळे ते घरातच राहतात, आणि एक सांगायला काढला की बाकीचे त्याच्या पदराला धरून बाहेर येतात. आमच्या गाडीच्या औषधाचे तसेच झाले आहे. तेव्हा ओळीने सांगते.

*

आमचे यजमान पीण्या भागातल्या एका कारखान्यात टूलरूमचे, म्हणजे नेमक्या मापाची हत्यारे बनवणाऱ्या विभागाचे, फोरमन होते. क्रीम रंगाची, गोल पाठीची एक गाडी त्यांनी घेतली आणि चोवीस वर्षे जयनगर ते पीण्या ती स्वतः चालवली. संध्याकाळी घरी आले की उतरून आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, ताप पाहावा तसा, आणि मगच चपला काढायचे. निवृत्तीनंतरही हा नेम चुकला नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की कडेची नजर फार आखडली आहे आणि समोरचेही धूसर होत चालले आहे, गाडी चालवणे बंद. यजमानांनी वाद घातला नाही. फक्त रोज सकाळी ते शेडमध्ये जाऊन गाडीत, चालकाच्या जागी, अर्धा तास बसू लागले.

मार्चच्या त्या आठवड्यात मल्लेश्वरमला एका लग्नाचे रिसेप्शन होते. आमचा मुलगा सुधीर इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तो गाडी चालवत होता. वाटेत गाडी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा पडली ती नेमकी मंगल कार्यालयापासून शंभर पावलांवर. तिथे नवऱ्यामुलाची वाट पाहत वाजंत्री उभे होते. ते भले लोक. त्यांनी वाद्ये एका हाताने धरून दुसऱ्या हाताने गाडी ढकलायला सुरुवात केली. एकाला राहवेना, तो वाजवूही लागला.

दारात पंचारती घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी वाजंत्री पाहिले, त्यांच्यामध्ये सावकाश येणारी गाडी पाहिली आणि दार उघडताच पहिल्या उतरलेल्या माणसाला ओवाळले. तो माणूस म्हणजे आमचे यजमान, वय वर्षे सहासष्ट. त्यांनी अत्यंत गंभीरपणे ओवाळून घेतले, तबकात नाणे टाकले आणि मागे वळून मला म्हणाले, "चल, आत चल. एकदा झालेच आहे आपले."

*

घरी आल्यावर सुधीरने विषय काढला. त्याच्या ऑफिसातील एका सहकाऱ्याला जुन्या गाड्यांची हौस होती आणि तो आमची गाडी घ्यायला तयार होता. मी सांगितले की अशी तडकाफडकी विक्री शोभत नाही, मुदत द्यावी. अखेर असे ठरले की आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी सकाळी गाडी किल्लीच्या पहिल्या फिरकीत सुरू व्हावी, गणपतीच्या देवळापर्यंत जावी आणि वाटेत कुठेही बंद न पडता परत यावी. तसे झाले तर गाडी राहील. नाहीतर जाईल.

यजमान "सरी", म्हणजे ठीक, एवढेच म्हणाले आणि उठून शेडमध्ये गेले. ती त्या दिवशीची त्यांची दुसरी बैठक होती.

*

यजमानांचे दोन मित्र दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात येत. एक भीमराव, चिकपेठेतले कापडाचे व्यापारी. दुकान मुलांकडे सोपवलेले. पाच पिढ्या बंगळुरातल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतके मुरलेले की वेगळे काढता येणार नाही. दुसरे वासुदेवराव, होमिओपॅथीचे डॉक्टर. तिघे बाकावर, समोर उघडे बॉनेट आणि माझी कॉफी, असा तो दरबार असे.

आयुधपूजेची अट ऐकून भीमराव पुढच्याच रविवारी एक बाटली घेऊन आले. त्यांच्या पुतण्याने आखातातून आणलेली. पेट्रोलमध्ये घातली की टाकीपासून इंजिनापर्यंत सगळा मार्ग धुऊन निघतो म्हणे. त्यावरच्या इंग्रजी नावाला कोणीच हात घातला नाही. पहिल्या दिवसापासून तिचे नाव 'औषध'.

आता प्रश्न आला की हे औषध गाडीला किती दिवसांनी द्यायचे?

वासुदेवराव म्हणाले, आठवड्यातून एकदा, एकच थेंब. जास्त दिले की गुण कमी. भीमराव म्हणाले, दर एकादशीला एक पळी. यजमान टूलरूमचे, त्यांना थेंब आणि पळी ही मापेच मान्य नव्हती, त्यांना अंतर आणि मिलिलिटर हवे होते. दोन तास चर्चा झाली. शेवटी मी विचारले की बाटलीवर काही लिहिलेले नाही का.

तिघांनी आळीपाळीने बाटली हातात घेतली. यजमानांना दिसत नव्हते. भीमरावांचा चष्मा लांबचे पाहायचा होता. वासुदेवरावांचा चष्मा दवाखान्यात राहिला होता. तिघांनीही बाटली पाहून समाधानाने मान हलवली आणि चर्चा जिथे थांबली होती तिथून पुढे चालू केली.

*

पहिला मान डॉक्टर म्हणून वासुदेवरावांना मिळाला. औषध देण्याआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास गाडीजवळ कॉफी, कांदा आणि कापूर येता कामा नये, असे त्यांनी बजावले. त्या रविवारी कॉफी मला परसदारी न्यावी लागली आणि देवघरातली कापूर-आरती वासुदेवरावांसाठी लांबली. मग त्यांनी ड्रॉपरने एक थेंब टाकीत सोडला, झाकण लावले आणि गाडीला विश्रांती द्यायला सांगितले. ती गेले दोन महिने दुसरे काही करत नव्हती.

पुढच्या रविवारी सुधीरने गाडी नेहमीप्रमाणे एक चक्कर मारायला काढली. ती कोपऱ्यावर बंद पडली. याआधी घराच्या इतक्या जवळ ती कधी बंद पडली नव्हती.

वासुदेवरावांचा चेहरा उजळला. "उत्तम. औषध लागू पडते आहे," ते म्हणाले. "आधी रोग वाढतो."

सुधीर त्या वेळी गाडी ढकलत होता. त्याने काय उत्तर दिले ते मी लिहीत नाही. तो इंजिनिअर झालेला मुलगा आहे.

*

मे अखेरपर्यंत रोग वाढतच राहिल्यामुळे जूनमध्ये सूत्रे भीमरावांकडे आली. त्यांचा खाक्या निराळा. एकादशीला सकाळी ते स्नान करून, पंचांग काखेत मारून येत. चांदीची पळी घरून आणत. पूर्वेकडे तोंड केल्याशिवाय औषध घालणार नाहीत. आणि आमच्या गाडीच्या टाकीचे तोंड पूर्वेला, म्हणजे घालणाऱ्याचे पश्चिमेला. म्हणून प्रत्येक एकादशीला तिघांनी मिळून गाडी शेडमधून ढकलत बाहेर काढायची, फिरवायची, औषध घालायचे आणि पुन्हा ढकलत आत न्यायची. त्या महिन्यात गाडी जेवढी हलली तेवढी माणसांच्या बळावरच हलली.

त्या वर्षी आषाढ अधिक आला. भीमरावांना केवढा आनंद! अधिक महिन्यात केलेल्याचे फळ अधिक, म्हणून त्यांनी दोन्ही एकादश्यांना दुहेरी मात्रा दिली. गाडीतून असा काही धूर निघाला की शेजारच्या पद्मक्का घाईघाईने गच्चीवरचे पापड आत घेऊन गेल्या.

"अक्का, बघितलं का?" भीमराव मला म्हणाले. "पाप जातंय सगळं."

मी त्यांना विचारले की गाडीने कोणते पाप केले असेल. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "पीण्यापर्यंत चोवीस वर्षं रोज, अक्का. वाटेत काय काय ऐकलं असेल तिनं."

*

जुलै निम्मा सरला. आयुधपूजेला तीन महिने राहिले आणि गाडी आता शेडमधून निघायलाही तयार होईना. यजमानांची सकाळची अर्ध्या तासाची बैठक तासाची झाली होती. हे पाहून मी मंजण्णाला निरोप पाठवला.

मंजण्णा पूर्वी यजमानांच्याच टूलरूममध्ये होता. वीस वर्षे त्यांच्या हाताखाली काढल्यामुळे त्याला आमचे मराठी येते. पुढे त्याने स्वतःचे गॅरेज काढले. रविवार होता, तिघेही बाकावर होते. मंजण्णाने कार्बोरेटर उघडला आणि बोटावर काहीतरी पिवळसर, चिकट घेऊन सगळ्यांना दाखवले. उभ्या गाडीतले पेट्रोल सुकून असा गोंद होतो आणि बारीक भोके बुजवतो, असे त्याने सांगितले. त्यावर थेंब घाला की पळी घाला, सारखेच.

वासुदेवरावांनी रोगाचे नाव विचारले.

"रोग नाही डॉक्टर. गाडी आजारी नाहीच," मंजण्णा म्हणाला. "रिटायर झालीय. दिवसभर एका जागी बसायचं, कुठं जायचं नाही, यायचं नाही. मग असंच होतं. कितीही औषध घ्या."

बोलून झाल्यावर त्याने मान वर केली. समोरच्या बाकावर दोन निवृत्त माणसे आणि एक निम्मे निवृत्त डॉक्टर एका ओळीत बसले होते. मंजण्णाने मग आपली कॉफी स्वल्प जास्तच सावकाश प्यायली.

जाताना यजमानांना तो हळूच म्हणाला, "ओडिसबेकु, साहेब. आठवड्यातून दोनदा तरी तासभर पळवायला पाहिजे."

यजमान म्हणाले, "कोण पळवणार?"

सुधीरला रविवारखेरीज वेळ नव्हता. पगारी ड्रायव्हर यजमानांना मान्य नव्हता; आपल्या गाडीच्या क्लचवर परका पाय पडलेला त्यांना सहन होत नसे. मंजण्णा निघून गेला. प्रश्न तसाच राहिला.

*

त्याच आठवड्यात मी ती बाटली आणि माझे भिंग घेऊन खिडकीशी बसले. अक्षरे मुंगीएवढी होती, पण इंग्रजी शुद्ध होते. मजकूर एका ओळीचा होता. दर पाच हजार किलोमीटरला एक बाटली, टाकी भरताना.

गाडीच्या किलोमीटरची वही पूर्वी यजमान लिहीत. डोळे अधू झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी लिहीत असे. ती काढली आणि त्रैराशिक मांडले. रविवारी तिन्ही मित्र जमल्यावर उत्तर वाचून दाखवले. गेल्या सहा महिन्यांत गाडी शंभर किलोमीटर चालली. याच गतीने पाच हजार व्हायला पंचवीस वर्षे लागतील. सबब औषधाची पुढील मात्रा सन दोन हजार एकवीसच्या सुमारास देय आहे.

भीमरावांनी पंचांग उघडले आणि पुन्हा मिटले. त्यात तेवढ्या पुढचे नव्हते.

यजमान म्हणाले, "बाटलीची मुदत तोवर आहे का, ते बघ."

बाटली, जी जेमतेम अर्धी उरली होती, ती मी कपाटात कुलूप लावून ठेवली. भीमराव घरी जाताना पळी घेऊन गेले.

*

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच वासुदेवरावांचा दवाखाना बंद असतो. त्या वेळात ते यजमानांना आणि भीमरावांना दवाखान्यात बोलावून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत. तिन्ही माणसे दोन तास माझ्या अंगणाबाहेर असत. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी यजमानांना तिकडे नेणारी रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मंजण्णा मागच्या बाजूने आला. त्याने कार्बोरेटर धुऊन बसवला होता. मी चपला काढून कॅनव्हासचे बूट घातले होते.

गाडी शिकते आहे हे यजमानांना सांगितले का नाही, असे कोणी विचारील. वीस वर्षांपूर्वी एकदा त्यांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. लालबागेच्या पहिल्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत जाईतो आमचे बोलणे बंद झाले आणि ते चार दिवस बंद राहिले. या वयात चार दिवस वाया घालवणे मला परवडणारे नव्हते.

एच. एस. आर. लेआउट तेव्हा नुसता आखलेला होता. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना गवत, गवतात प्लॉटचे दगडी खुंट आणि मधूनच एखादी म्हैस. घरे बोटांवर मोजण्याइतकी. मंजण्णा तिथवर गाडी नेई आणि मग जागा बदलून मी बसे.

पहिल्याच दिवशी एका चौकात मी गाडी थांबवली, उजवा हात बाहेर काढून वळण्याचा इशारा केला आणि दोन्ही बाजू पाहून घेतल्या.

"अम्मा, कोणी नाही," मंजण्णा म्हणाला.

मी म्हणाले की ते मला दिसते आहे, आणि हात तसाच ठेवला. त्या चौकातून त्या वर्षी माझ्याइतके शिस्तीने कोणी वळले नसेल. म्हशीनेसुद्धा मान वळवून पाहिले.

तिसऱ्या धड्याला मागे घेताना एका प्लॉटचा खुंट मी आडवा केला. मंजण्णाला पुढे जायचे होते. मी उतरले. कोणीतरी आयुष्यभराची शिल्लक घालून घेतलेली जागा. तिचा कोपरा मी हलवून कसे चालेल? पर्समध्ये शिवणाची फीत होती. शेजारच्या खुंटांपासून दोन्ही बाजूंनी अंतर मोजून, मंजण्णाकडून खुंट पुन्हा जागेवर रोवून घेतला आणि मगच गाडीत बसले. त्यानंतर मंजण्णा मला क्लचबद्दल काही बोलला नाही. त्याने नुसते विचारले, "अम्मा, तुम्ही टूलरूममध्ये का नाही आलात?"

*

खोटे लिहिणे माझ्याकडून होत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मीटरवर होता तोच आकडा वहीत लिहिला, वही जागेवर ठेवली आणि कोणी विचारले तर खरे सांगायचे असे ठरवले. दर महिन्याला यजमान आकडा विचारत. त्या महिन्यात विचारला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

एका शुक्रवारी मात्र परतायला उशीर झाला. मडिवाळ्याजवळ रस्ता तुंबला होता. गाडी शेडमध्ये लावून, बूट लपवून मी स्वयंपाकघरात पोचते तोच फाटक वाजले. यजमान आत आले, सवयीने शेडकडे गेले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. मी खिडकीतून पाहत होते. तो हात तिथे नेहमीपेक्षा बराच वेळ राहिला.

मग ते आत आले, चपला काढल्या आणि खुर्चीवर बसले.

"आज ऊन फार होते," ते म्हणाले.

सकाळपासून पाऊस पडत होता. त्यांची छत्री दारात निथळत होती. मी कॉफी पुढे ठेवली.

*

सप्टेंबरच्या अखेरीस परवान्याची परीक्षा झाली. जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा आखलेला होता, त्यावरून गाडी न थांबता न्यायची. रांगेत सगळी अठरा-वीस वर्षांची मुले आणि मी. अधिकारी तरुण होते आणि सौजन्याने वागले. अर्जावरचे माझे वय त्यांनी दोनदा वाचले: त्रेसष्ट. त्यांनी अगदी आदराने विचारले की या वयात परवाना कशासाठी हवा आहे.

"गाडीला व्यायाम हवा आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि गाडी सुरू करायला सांगितले. आठाचा आकडा मी एकदा काढला. तो नीट गोल झाला नाही असे वाटल्यावरून, त्यांनी थांबवण्याआधी दुसऱ्यांदा काढला.

*

इकडे रविवारच्या चकरेत गाडी पहिल्या फिरकीत सुरू होऊ लागली होती. सुधीर चकित झाला. बाकावर मात्र कोणालाच आश्चर्य वाटले नाही. भीमरावांच्या मते हे अधिक आषाढाचे फळ होते. ते उशिरा मिळते, पण मिळते. वासुदेवरावांच्या मते होमिओपॅथीचा थेंब खोलवर जाऊन आता काम करू लागला होता, आणि पळ्या पडल्या नसत्या तर जूनमध्येच केले असते. यावरून दोघांत अबोला झाला. मंगळवारचे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर कोणी काही बोलेनासे झाले, असे यजमान सांगत. त्यांचे स्वतःचे मत काय, असे दोघांनीही त्यांना विचारले. ते म्हणाले, "आयुधपूजेपर्यंत थांबू."

*

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी गाडी धुऊन अंगणात उभी केली. पुढे केळीचे दोन खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटवर गंध लावले. भीमरावांनी कोहळा फोडला. चारी चाकांखाली चार लिंबे ठेवली. ज्याला गाडी घ्यायची होती तो सुधीरचा सहकारीही आला होता. मुलगा सभ्य होता. फाटकाशी हात मागे बांधून उभा राहिला आणि कशालाही हात लावला नाही. पण तो टायरांकडे ज्या नजरेने पाहत होता, त्यावरून त्याने गाडी कुठे ठेवायची हेही ठरवलेले दिसत होते.

गाडीची किल्ली तबकात पूजेला ठेवली होती. आरती झाली. सुधीर नवा सदरा घालून तयार होता. किल्ली घ्यायला तो पुढे झाला.

यजमानांनी तबकातून किल्ली स्वतः उचलली. सुधीरच्या बाजूने ते पुढे गेले, गाडीच्या कडेला हात लावत लावत उजव्या दारापाशी, मी उभी होते तिथे, आले, दार उघडले आणि कुंकू लागलेली ती किल्ली माझ्या हातात ठेवली. मग बॉनेट चाचपत फेरा घालून पलीकडच्या दाराने आत बसले.

माझा परवाना पर्समध्ये होता. तो बरोबर असल्याखेरीज मी गाडीला हात लावत नाही. बूट पायात नव्हते, त्याला इलाज नव्हता; चपला काढून अनवाणी बसले. किल्ली एकदा फिरवली.

गाडी सुरू झाली.

लिंबे फुटल्याचा आवाज आला. यजमान कान देऊन मोजत होते. "चार," ते म्हणाले.

देवळापर्यंत दोन चौक लागतात. सणामुळे दोन्ही रिकामे होते. दोन्ही ठिकाणी मी थांबले, हात बाहेर काढला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि मग वळले. यजमानांनी वाटेत एक शब्द काढला नाही. फक्त गिअर बदलताना त्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जाई. देवळासमोर गाडी चालू ठेवूनच त्यांनी हात जोडले, मी नुसती मान लववली, आणि आम्ही परत आलो. शेडच्या दारात इंजिन बंद केले ते मी, आपल्या हाताने.

सुधीर माझ्याकडे पाहत राहिला, मग हसू लागला. मंजण्णा फाटकाबाहेर उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते, तरी आला होता. त्या सहकाऱ्याने मोकळ्या मनाने अभिनंदन केले. पद्मक्कांनी त्याच्या हातावर चुरमुरे आणि केळे ठेवले. तो जायला निघाला आणि मग थांबला.

"सर, एक विचारू? माझ्याकडेही एक जुनी गाडी आहे. ती सारखी बंद पडते. सुधीर म्हणत होता, तुम्ही पेट्रोलमध्ये घालायचं काही औषध वापरता. ते नेमकं किती दिवसांनी घालायचं?"

भीमराव आणि वासुदेवराव एकाच वेळी बोलण्यासाठी उठले. यजमानांनी हात वर करून दोघांनाही बसवले. त्यांचा दुसरा हात बॉनेटवर होता.

"आठवड्यातून दोनदा," ते म्हणाले. "मंगळवारी आणि शुक्रवारी. दुपारी तीन ते पाच."

भीमरावांनी लगेच पंचांग उघडले आणि कोपऱ्यात तसे टिपून घेतले.